मदत त्यांची, कापूस आमचा

चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं २३ ऑगस्ट २०२३ ला. त्यानंतर लगेचच आमच्या गावच्या पानठेल्यावर एक व्हिडिओ फिरत आला. ब्रिटनमधल्या एका वृत्तवाहिनीचा निवेदक आधी भारताचं अभिनंदन करत होता आणि त्याच दमात म्हणत होता, की आम्ही मदत म्हणून पाठवलेले २.३ अब्ज पौंड आता परत करा. ज्यांना चंद्रावर यान पाठवणं परवडतं, त्यांनी आमच्यापुढे हात पसरू नयेत.

ठेल्यावरची पोरं खवळली. एकाने कोहिनूर काढला. दुसऱ्याने ४५ लाख कोटी डॉलरच्या लुटीचा आकडा सांगितला. अर्थतज्ज्ञ उत्सा पटनाईक यांनी मांडलेला हा आकडा आता मोबाइलवर सगळीकडे पोचला आहे. बाकड्यावर बसलेले एक काकाजी तंबाखू मळत हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "लय पैसा देल्ला म्हन्ते तो. पन कोनाच्या वावरात आला रे बाप्पा? आपल्या इकडे तं काही दिसला नाही."

पोरं गप्प झाली. मला मात्र काकाजींचा प्रश्न त्या दोन्ही आकड्यांपेक्षा मोलाचा वाटला. अब्जांचे आणि लाख कोटींचे आकडे एकमेकांवर फेकून कोणाचंच काही हलत नाही. पैसा कोणत्या वाटेने आला, कोणाच्या हाती गेला, आणि उलट्या दिशेने काय गेलं, हे विचारलं की गोष्ट जमिनीवर येते. आणि आमची जमीन कापसाची आहे. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्या देण्याघेण्याचा हिशोब जिच्यावरून सरळ लावता येईल अशी जमीन वऱ्हाडाइतकी क्वचितच दुसरी असेल.

आधी त्या २.३ अब्जांचं. ब्रिटनच्या परदेशी मदतीची तपासणी करणारा एक स्वतंत्र आयोग तिथे आहे. त्याने मार्च २०२३ मध्ये भारताला गेलेल्या मदतीचा आढावा प्रसिद्ध केला. २०१६ ते २०२१ या काळातली ही रक्कम. त्यातले सुमारे १ अब्ज पौंड म्हणजे 'ब्रिटिश इंटरनॅशनल इन्व्हेस्टमेंट' या त्यांच्या सरकारी संस्थेने इथल्या कंपन्यांत केलेली गुंतवणूक. भागभांडवल घ्यायचं, कर्ज द्यायचं, नफ्यासकट परत न्यायचं. सुमारे पाऊण अब्ज जागतिक बँकेसारख्या संस्थांमार्फत आले. उरलेल्यात सल्ला, संशोधन, शिष्यवृत्त्या, छोटे प्रकल्प. सरकारच्या तिजोरीत थेट अनुदान द्यायची पद्धत त्याआधीच थांबली होती. नवीन आर्थिक अनुदान देणार नाही आणि चालू असलेलं २०१५ पर्यंत संपवू, असं ब्रिटनने नोव्हेंबर २०१२ मध्ये जाहीर केलं होतं. त्याच्याही आधी अर्थमंत्री प्रणव मुखर्जींनी संसदेत सांगितलं होतं, की आपल्या एकूण विकासखर्चात ही मदत शेंगदाण्याएवढी आहे.

म्हणजे त्या निवेदकाने जे परत मागितलं, त्यातला मोठा हिस्सा परत जाण्यासाठीच आलेला होता. ती गुंतवणूक करणारी संस्था १९४८ साली जन्मली तेव्हा तिच्या नावातच 'कलोनियल' होतं, पण तेवढ्यावरून मी तिला नावं ठेवणार नाही. धंदा म्हणून त्यात गैर काही नाही. मात्र धंद्याला मदतीच्या खात्यात मांडून वर उपकाराची भाषा कोणी केली, तर ती ऐकून घ्यायचं कारण नाही.

ब्रिटनची सगळीच मदत वाया गेली असंही मी म्हणणार नाही. सर्व शिक्षा अभियानात त्यांचा पैसा होता. ओडिशा, आंध्र, मध्य प्रदेश, पश्चिम बंगाल या राज्यांत आरोग्यावर, शाळांवर तो लागला आणि तिथल्या पोरांना त्याचा उपयोग झाला. महाराष्ट्र त्यांच्या मुख्य राज्यांत नव्हता. तेव्हा काकाजींचं बरोबर आहे, आपल्या वावरात काही आलं नाही. वावरातून गेलं काय, ते बघायला मात्र बरंच मागे जावं लागतं.

वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात लढाईने गेला नाही. कर्जवसुलीत गेला. हैदराबादच्या निजामाच्या नावाने एक फौज उभी केलेली होती, तिचे अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, आणि खर्च निजामाच्या माथी. त्या खर्चाची बाकी चढत गेली. १८५३ साली डलहौसीच्या काळात तह झाला आणि बाकीच्या वसुलीसाठी वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली गेला. तोंडाने मालकी निजामाचीच. पुढे निजामाचे दिवाण सालारजंग यांनी तो परत मिळावा म्हणून खटपट केली, तिला इंग्रजांनी दाद दिली नाही. १९०२ मध्ये कर्झनने तो वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेऊन टाकला. सावकाराने आधी खर्च करायला लावायचा, मग व्याज चढवायचं आणि शेवटी सातबारा आपल्या हाती घ्यायचा, ही गोष्ट आमच्याकडच्या माणसाला कोणी समजावून द्यावी लागत नाही.

आणि इंग्रजांना वऱ्हाडच का हवा होता? काळी कसदार जमीन आणि पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक. मँचेस्टरच्या गिरणीमालकांना अमेरिकेच्या कापसावर अवलंबून राहण्याची काळजी होतीच. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडायला लागल्या. चार वर्षं अख्ख्या इंग्लंडचं लक्ष हिंदुस्थानच्या कापसाकडे लागलं. भाव असा चढला की वऱ्हाडात जुनी माणसं त्या तेजीच्या गोष्टी पिढ्यान् पिढ्या सांगत. लिव्हरपूलच्या बाजारात आमच्या कापसाला उमरावती, म्हणजे अमरावतीवरून 'ऊमरा' म्हणत. पुढे इंग्रजांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापसाचा खास आयुक्त नेमला. पिकासाठी आयुक्त! बी कोणतं, रुईत कचरा किती, गाठ कशी बांधायची, सगळ्यावर त्याची नजर.

१८६५ मध्ये अमेरिकेतली लढाई संपली आणि भाव कोसळला. तेजीत घेतलेलं कर्ज मात्र तसंच राहिलं. ज्वारीखालची जमीन कापसाखाली गेली होती. भाव लिव्हरपूलला ठरत होता आणि तोटा दर्यापूर-कारंज्याच्या शेतकऱ्याकडे येत होता. माझ्या मते वऱ्हाडाच्या आजच्या दुखण्याचं मूळ तिथे आहे. कापूस पिकवणारा एकीकडे आणि त्याचा भाव ठरवणारा दुसरीकडे, ही फारकत तेव्हा झाली आणि ती अजून मिटलेली नाही.

रेल्वेचा विषय निघाला की लोक म्हणतात, "काहीही म्हणा, इंग्रजांनी रेल्वे तरी दिली." मी हे माझ्या नात्यातल्या शिकल्यासवरल्या माणसांकडूनही ऐकलं आहे. दिली म्हणजे कशी दिली? भुसावळहून अकोला, बडनेरा, वर्धा करत लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. तो टाकणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीचं भांडवल लंडनच्या भागधारकांचं. त्यांना ५ टक्के परताव्याची हमी होती, आणि रेल्वेने तेवढं कमावलं नाही तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून द्यायचा होता. त्या तिजोरीत शेतसारा भरणारा आमचा कुणबी, माळी, तेली होता. जोखीम त्याची आणि व्याज लंडनचं. त्याच १८६७ साली दादाभाई नौरोजी लंडनमध्ये इंग्रजांसमोरच हा हिशोब मांडायला उभे राहिले होते. फौजेचा खर्च, अधिकाऱ्यांची पेन्शनं, कर्जाचं आणि रेल्वेचं व्याज, असं हिंदुस्थानने लंडनमध्ये दरवर्षी किती भरायचं याची त्यांनी वर्षानुवर्षं बेरीज मांडली.

लोहमार्ग गेला कुठून तेही बघावं. जलंबहून खामगावला एक छोटा फाटा काढला, कारण खामगावला कापसाचा मोठा बाजार. १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय! पुढे यवतमाळचा कापूस मुख्य मार्गापर्यंत आणायला मुर्तिजापूरहून नॅरोगेज टाकली. तीच आमची शकुंतला. मुर्तिजापूर ते यवतमाळ आणि मुर्तिजापूर ते अचलपूर मिळून सुमारे १९० किलोमीटर. किलिक निक्सन या इंग्रजी व्यापारी पेढीने उभी केलेली कंपनी तिची मालक. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन या गाडीला १९९४ पर्यंत होतं. राष्ट्रीयीकरणातून ही लाइन सुटली, आणि भारतीय रेल्वे कित्येक दशकं कराराप्रमाणे कंपनीला मोबदला देत राहिली. 'शकुंतलेचं भाडं अजून इंग्लंडला जातं' असं जे छापून येत असे, ते तितकंसं खरं नव्हतं, कारण पेढी केव्हाच भारतीय मालकीची झाली होती. पण करार इंग्रजांच्या काळचाच होता, हेही खरं.

त्या गाडीत मी लहानपणी दारव्ह्याहून बसलो आहे. लाकडी बाकं, खिडकीतून आत येणारी बाभळीची फांदी, फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीवरचाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे गेली की फाटक उघडून पळत येऊन परत चढायचा. लोक कुरकुरत नसत. एसटीच्या मानाने तिकीट अगदी किरकोळ होतं, आणि भाजीची पाटी, बकरी, तुरीचं पोतं, सगळं तिच्यातून जायचं. कापसासाठी टाकलेल्या रुळांवर गरिबांनी आपला संसार हाकला. हे श्रेय मी कंपनीला देणार नाही, त्या लोकांना देईन. गाडी काही वर्षांपूर्वी थांबली आणि ब्रॉडगेजची मागणी अजून मोर्च्यांमध्ये आहे.

दुष्काळाबद्दल थोडं सांगावंसं वाटतं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले. मध्य प्रांत-वऱ्हाडात माणसं मेली, खडी फोडण्याची कामं निघाली, बाया टोपल्या वाहत होत्या. आणि त्याच दिवसांत वऱ्हाडातून कापसाच्या गाठी आणि धान्य बाहेर जातच होतं. लंडनच्या लॉर्ड मेयरने दोन्ही वेळा हिंदुस्थानच्या दुष्काळासाठी वर्गणी गोळा केली. त्या वर्गणीत पैसे टाकणाऱ्या माणसांच्या मनात खरी कणव होती, याबद्दल मला शंका नाही. कलकत्त्याच्या लोकांनीही १८४७ मध्ये आयर्लंडच्या दुष्काळासाठी अशीच वर्गणी पाठवली होती. माणसाला माणसाची दया येते, मग राज्य कोणाचंही असो. पण आगगाडीच्या एका डब्यातून धान्य बाहेर जावं आणि दुसऱ्या डब्यातून वर्गणीचे पैसे यावेत, अशी व्यवस्था ज्यांनी लावली त्यांना त्या वर्गणीमागे लपता येणार नाही.

नुकसान मोजायची आपली पद्धतही त्याच काळातली. पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आलं, हे बघून शेतसारा तहकूब करायचा की माफ, ते ठरवत. आणेवारी म्हणायचे, आता पैसेवारी म्हणतात. पन्नास पैशांच्या खाली आली तर दुष्काळी सवलती, वर राहिली तर नाही. पऱ्हाटीला बोंडअळीने पोखरलं की आजही आमच्या गावचा शेतकरी तलाठ्याला पहिला प्रश्न पैसेवारीचाच विचारतो.

आता १९४७ कडे येतो, कारण या साऱ्या प्रकरणातली सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट तिथे आहे. स्वतंत्र झाला तेव्हा भारत इंग्लंडचा कर्जदार नव्हता. इंग्लंड भारताचा कर्जदार होता. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने हिंदुस्थानातून फौजेसाठी माल घेतला, कापड, तंबू, धान्य, लोखंड, तागाची पोती. त्याचे पैसे इथल्या सरकारने इथेच रुपयांत चुकते केले आणि बदल्यात लंडनमध्ये पौंडांचं येणं लिहून ठेवलं. इथे नोटा छापल्या गेल्या, महागाई भडकली, १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसं भुकेने मेली. युद्ध संपलं तेव्हा लंडनच्या वहीत भारताचं येणं सुमारे १.३ अब्ज पौंडांचं होतं, तेव्हाच्या दराने १,७०० कोटी रुपयांच्या वर.

माझी आजी त्या दिवसांना 'कंट्रोलचे दिवस' म्हणायची. घरात कापसाचा ढीग माळ्याला टेकलेला आणि लुगड्यासाठी कार्ड घेऊन तालुक्याला रांगेत उभं राहायचं. एकच बरं लुगडं दोघी जावा आलटून-पालटून बाहेर जाताना नेसायच्या, असं ती सांगायची. तिला त्या लंडनच्या वहीतल्या आकड्याबद्दल काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण तो आकडा तिच्यासारख्या बायांनी न नेसलेल्या कापडाचा आणि न खाल्लेल्या धान्याचाही होता.

हे येणं वसूल कसं झालं? सहजासहजी नाहीच. इंग्लंड स्वतः अमेरिकेच्या कर्जात बुडालेलं. या रकमा तिथे गोठवल्या गेल्या. त्यातला काही भाग भारताने सोडूनच द्यावा असा विचार केन्ससारख्या इंग्रज अर्थपंडितानेही मांडला होता. १९४७ आणि १९४८ मध्ये करार झाले आणि पैसे हप्त्याहप्त्याने मोकळे होऊ लागले. त्यातूनच इंग्रजांनी इथे मागे टाकलेल्या लष्करी सामानाची किंमत वळती झाली. त्यातूनच गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पेन्शनची सोय झाली. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं आणि उरलेल्या पैशात डॉलरचं धान्य कमी यायला लागलं. गावातही असं होतं. ज्याच्याकडे आपली मजुरी थकलेली असते, त्याच्याच दारात उचल मागायला उभं राहावं लागतं, आणि तो आपलेच पैसे आपल्याला उपकार केल्यासारखे मोजून देतो. ब्रिटनच्या मदतीचा इतिहास सांगणारे लोक बहुधा पन्नासच्या दशकातल्या कोलंबो योजनेपासून, म्हणजे राष्ट्रकुल देशांच्या मदत योजनेपासून सुरुवात करतात. सुरुवात या वहीपासून करायला हवी.

पुढच्या मदतीत दुर्गापूरचा पोलाद कारखाना येतो. ब्रिटनचं कर्ज, ब्रिटिश कंपन्यांचा समूह, ब्रिटिश यंत्रं. कारखाना उभा राहिला, चालला, हे चांगलंच झालं. पण मदतीचा पैसा आपल्याच कारखानदारांकडे परत यावा ही अट त्या सगळ्या काळात होती, आणि ती किती लांब जाऊ शकते याचं उदाहरण म्हणजे वेस्टलँडची हेलिकॉप्टरं. ऐंशीच्या दशकात ही ब्रिटिश कंपनी अडचणीत होती. तिच्या हेलिकॉप्टरना गिऱ्हाईक मिळेना. ब्रिटनने भारताला मदत म्हणून ६.५ कोटी पौंड देऊ केले, पण त्यातून हीच २१ हेलिकॉप्टरं घ्यायची होती. आपल्या अधिकाऱ्यांना ती पसंत नव्हती, तरी आली. पवन हंस या आपल्या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीने चालवली, अपघात झाले, माणसं गेली, शेवटी ती जमिनीवर उभी करून ठेवली आणि नव्वदच्या दशकात सगळी मिळून ९ लाख पौंडांना विकून टाकली. नंतर मलेशियातल्या पेरगाऊ धरणाचं प्रकरण गाजलं. ब्रिटनने दिलेली, शस्त्रखरेदीशी जोडलेली ती मदत ब्रिटनच्याच न्यायालयाने १९९४ मध्ये बेकायदा ठरवली आणि पुढे २००२ मध्ये ब्रिटनने गरिबी कमी करणं हेच मदतीचं कायदेशीर प्रयोजन ठरवलं. ही सुधारणा त्यांच्याच नागरिकांनी न्यायालयात जाऊन घडवून आणली. त्यांचं हे मी मोकळ्या मनाने मानतो.

हेलिकॉप्टरची ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमच्या शेजारच्या गोठ्यातली गाय आठवली. १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आत्महत्यांनी जिल्हे हादरले होते. व्याजमाफी, सिंचन, बियाणं, बरंच काही त्यात होतं. त्याच सुमारास गावोगाव दुभत्या संकरित गायी वाटण्याच्या योजनाही आल्या, अर्धे पैसे सरकारचे, अर्धे शेतकऱ्याचे. शेजारच्या भाऊंनी घेतली. मोठी, काळीपांढरी, देखणी गाय. पण तिला हिरवा चारा लागायचा आणि उन्हाळ्यात आमच्याकडे विहिरी तळाला जातात. ज्वारी गेल्यापासून कडबा गेला. सोयाबीनचं नि तुरीचं कुटार ती हुंगून सोडायची. सरकीची ढेप विकत आणावी तर दुधाचे पैसे ढेपीतच जायचे, आणि दूध घ्यायला डेअरीची गाडी गावापर्यंत येत नव्हती. वहिनी रोज सकाळी तिच्या अंगावर ओलं पोतं टाकायच्या, चैत्र-वैशाखाचं ऊन तिला सोसत नव्हतं म्हणून. भाऊ म्हणायचे, "हे गाय मले पोसते का मी हिले पोसतो, हेच समजत नाही." वर्षाच्या आत त्यांनी ती तोट्यात विकली.

गाय कोणती, कोणासाठी, चारा कुठून, दूध कुठे जाणार, यातलं काहीच भाऊंना कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी विहिरीचं खोलीकरण मागितलं असतं, नाहीतर कापसाला भाव. देणारा लंडनचा असो, दिल्लीचा असो की मुंबईचा, घेणाऱ्याला न विचारता काय द्यायचं ते ठरवलं की जे येतं त्याला पोसण्यातच घेणारा खंगतो. हे मी मनापासून मानतो आणि या एका मुद्द्यावर मला परकं सरकार आणि आपलं सरकार असा फरक करता येत नाही.

कापसाला भाव हे उत्तर देणारे भाऊ एकटे नाहीत. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड असे चार कापूस पिकवणारे देश आहेत. चारही फ्रान्सच्या वसाहती होत्या. फ्रान्सने १९४९ मध्ये तिथल्या कापसासाठी एक सरकारी कंपनी काढली. ती बी-खत उधारीवर द्यायची, कापूस एकटीच विकत घ्यायची आणि उधारी कापून पैसे द्यायची. स्वातंत्र्यानंतर त्या त्या देशाच्या कंपन्या झाल्या, पण फ्रेंच कंपनीचा हिस्सा त्यांत राहिला. चलनही जुनंच राहिलं. १९४५ साली सुरू झालेला सीएफए फ्रँक, ज्याच्या बदल्यात या देशांना आपली निम्मी गंगाजळी पॅरिसच्या सरकारी तिजोरीत ठेवावी लागे. चाड सोडून बाकी तिघांसाठी ही अट काढण्याची घोषणा व्हायला २०१९ साल उजाडलं. एका बाजूला फ्रान्सची मदत, दुसऱ्या बाजूला स्वतःचीच गंगाजळी फ्रान्सकडे.

आमच्या भागातल्या पन्नाशीपुढच्या शेतकऱ्याला मालीच्या त्या कंपनीबद्दल सांगा, तो लगेच एकाधिकार खरेदीचं नाव घेईल. १९७२ पासून तीसेक वर्षं आपल्याकडेही कापूस सरकारलाच विकायचा होता. रात्र-रात्र बैलबंड्यांची रांग, प्रतवारी करणारा हातात कापूस घेऊन काय म्हणतो याकडे लागलेले डोळे, आणि मग चुकाऱ्याची वाट. तरीही ती योजना बंद पडल्यावर पुष्कळांना वाटलं की निदान एक ठरलेला भाव होता.

या चार आफ्रिकी देशांनी २००३ मध्ये जे केलं, त्याचं मला फार अप्रूप वाटतं. बुर्किना फासोचे अध्यक्ष जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेपुढे उभे राहिले आणि म्हणाले, की अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अनुदानं देते, त्याने जगाच्या बाजारात भाव पडतो आणि आमचा शेतकरी मरतो. ती अनुदानं थांबवा. मदतीचा अर्ज घेऊन ते गेले नव्हते. आमच्याकडे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने हीच मागणी ऐंशीच्या दशकात रस्त्यावर आणली होती, 'भीक नको, हवे घामाचे दाम'. यवतमाळचा आणि मालीचा शेतकरी एकमेकांना कधी भेटले नाहीत, तरी मागणी तीच. पुढे ब्राझीलने अमेरिकेविरुद्धची तक्रार जिंकली आणि २०१४ मध्ये तडजोडीचे ३० कोटी डॉलर पदरात पाडून घेतले. माली-बुर्किनाला २००५ मध्ये हाँगकाँगच्या परिषदेत आश्वासन मिळालं होतं. ते आश्वासनच राहिलं.

म्हणून मला वाटतं, ब्रिटनने भारताला मदत द्यावी की नाही या वादात आपण फार वेळ घालवू नये. थेट अनुदान बंद झालं ते ठीकच झालं. ब्रिटनकडे मागायचं असेल तर दोन गोष्टी मागाव्यात. वऱ्हाडच्या कारभाराची जी दप्तरं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, ती आमच्या जिल्ह्यांतल्या कॉलेजच्या पोरांना घरबसल्या, फुकट वाचता यावीत. आणि व्यापार सरळ व्हावा. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या आणि आपल्या कपड्यांवरचं तिथलं आयात शुल्क काढण्याचं त्यात ठरलं आहे. तिरुपूरच्या आणि इचलकरंजीच्या मालाला त्याचा फायदा व्हावा असं मला खरोखर वाटतं. प्रश्न एवढाच, की त्यातला किती भाग सरकी निघायच्या आधीच्या कापसापर्यंत, म्हणजे वेचणाऱ्या बाईच्या आणि वावरवाल्याच्या हातापर्यंत येईल.

कारण त्या सह्यांनंतर महिनाभरात, १९ ऑगस्ट २०२५ ला, आपल्याच सरकारने कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क काढलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग लगेच ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेने आपल्या कपड्यांवर जबर कर लावला होता, गिरण्यांना स्वस्त रुई हवी होती, हे कारण मला समजतं. पण ऑगस्टमध्ये आमच्या पऱ्हाटीला पाती लागलेली असतात. खत पडलेलं असतं, फवारणीचे पैसे उसनवारीने आलेले असतात. दसरा-दिवाळीला पहिला वेचा घरात येतो, तेव्हा परदेशाची रुई बंदरात उतरत होती. लांब धाग्याचा हमीभाव कागदावर ८,११० रुपये क्विंटल होता, आणि तो मिळवायला सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या केंद्रावर ओलाव्याच्या मशीनमधून पास व्हावं लागतं. ज्याला पैशाची घाई असते तो खेड्यावर आलेल्या व्यापाऱ्याला पडेल त्या भावात देतो. अतिवृष्टीने पीक गेलं तर २०२५ मध्ये आपत्तीच्या निकषाने कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपयांची मदत होती. एका क्विंटलच्या हमीभावापेक्षा ती जेमतेम जास्त होती.

माझी मागणी साधी आहे. कापसाच्या आयात शुल्काचा निर्णय दरवर्षी मे महिन्यात, बियाण्याची पिशवी विकत घ्यायच्या आधी जाहीर व्हावा आणि पुढच्या वर्षीच्या मेपर्यंत बदलू नये. शुल्क काढायचं तर काढा, पण ते आम्हाला पेरणीआधी कळू द्या, म्हणजे पऱ्हाटी किती एकर लावायची आणि तूर किती, हे आम्ही आमच्या हिशोबाने ठरवू. याच मागणीचं पत्र मी आमच्या खासदारांना लिहिलं आहे आणि त्यावर गावातल्या कापूस लावणाऱ्या लोकांच्या सह्या घेतल्या आहेत. पानठेल्यावरच्या त्याच पोरांनी दोन दिवस घरोघर फिरून त्या गोळा केल्या. ज्यांना अशी पत्रं आपापल्या गावातून पाठवायची असतील त्यांनी मजकूर घ्यावा, हवा तसा बदलावा, आणि खाली आपल्या शिवारातल्या कापसाचं क्षेत्र आणि गेल्या हंगामात हाती आलेला भाव तेवढा नक्की लिहावा.